भैरूच्या डाव्या डोळ्याची राखण

भांडगावच्या शिवारात तानुबाई कोळपेच्या नेमाची परीक्षा घ्यायच्या फंदात कुणी पडत नसे. ज्वारीच्या माळ्यावर ती उभी राहिली की पाखरं लांबूनच वळसा घालून जातात, असं लोक म्हणायचे. ते जरा वाढवून सांगणं झालं, पण फार नव्हे. धनगराची लेक ती. बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा, आणि कळप वळवायला कुत्र्यापेक्षा लेकीची गोफण बरी, असं त्याचं मत होतं. चुकार मेंढराच्या पुढ्यात, खुराला न लागता, पण माती नाकात जाईल इतक्या जवळ दगड टाकायचा, हे ती दहा वर्षांची असताना शिकली. म्हणून आधीच सांगून ठेवतो, त्र्याण्णव साली तिनं आपल्या दिराच्या डोळ्यावर दगड घातला तो चुकून नव्हे. नेम धरून घातला. पंचांनी विचारलं तेव्हा तिनं तसंच सांगितलं.

झालं असं. तिचा नवरा संपत सोलापूर रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. पदरात एकच पोरगी, प्रगती, आठ वर्षांची. धाकटा दीर भैरू शेजारच्या तुकड्यात. जमिनी वाटल्या होत्या, विहीर मात्र सामाईक. चार दिवस पाण्याची पाळी याची, चार दिवस हिची. भैरू वाईट होता असं म्हणायचं नाही मला. छे, म्हणायचंच आहे. त्या वर्षांत तो वाईटच वागला. विधवा भावजय आहे, कंटाळून आज ना उद्या माहेरी जाईल, मग सगळी विहीर आपली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिच्या पाळीला पाण्याची चारी फोडायची, तिच्या कांद्याच्या वाफ्यांतनं बैल घालायचे, मोटारीचा फ्यूज काढून खिशात टाकायचा, असले त्याचे उद्योग चालायचे.

माघातल्या त्या सकाळी तिच्या पाळीचं पाणी चाललं होतं आणि भैरूनं फावड्यानं चारी आपल्या रानाकडं वळवली. ती बोलायला गेली. बोलणं कसलं, तिच्या तोंडाला लगाम नव्हताच. तिनं त्याचा बाप काढला, आणि तो तर तिच्या नवऱ्याचाही बाप. भैरूनं तिचा अंबाडा धरला, तिला चारीत पालथी पाडली आणि मानेवर गुडघा देऊन तिचं तोंड चिखलात दाबलं.

"पी," म्हणाला, "पी तुझ्या पाळीचं पानी."

बांधावर प्रगती उभी होती आणि किंचाळत होती. तानुबाईच्या नाकातोंडात चिखल गेला, एक दात हलला. आता आपण मरतो असं तिला वाटलं. शेवटी भैरूच दमला, उठला, आणि हसत हसत आपल्या रानाकडं चालू लागला.

ती उठली. तोंडसुद्धा पुसलं नाही. माळ्यापाशी गेली, गोफण घेतली, सुपारीएवढा गोटा निवडला. निवडला बरं का, हाताला आला तो नव्हे. आणि तिनं हाक मारली, "भैऱ्या!" तोवर ती त्याला भावजी म्हणायची आणि अहोजाहो करायची. तो वळला. गोफण गरकन फिरली. चाळीस पावलांवरनं गोटा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि माणूस जागच्या जागी मटकन खाली बसला. त्याच्या बोटांतनं रक्त गळायला लागलं.

"आता तू पी!" ती ओरडली. मग तिला भडभडून उलटी झाली आणि सगळा चिखल बाहेर पडला.

भैरूची बायको भामाबाई छाती पिटत आली. टेम्पोत घालून त्याला दौंडला नेलं. तिथं धर्मादाय दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर होते, महबूब इनामदार, मूळचे शिरूरचे, तेव्हा पस्तिशीचे. डोळा रक्तानं भरला होता. त्यांनी भैरूला दहा दिवस उताणा झोपवून ठेवला. रक्त हळूहळू खाली बसलं, आणि काय नवल, दिसायला लागलं की! भिंतीवरच्या पाटीवरची शेवटची ओळसुद्धा त्यानं वाचली. गावात काहीजणांची निराशाच झाली. पण डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याला आरशाचं एक भिंग लावून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सोबत समाजाचे जाणते ज्योतिबा आप्पा गेले होते. डॉक्टरांनी त्यांना समजेल असं सांगितलं.

"आप्पा, डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होतं आणि कडेच्या एका चारीनं बाहेर जातं. ती चारी फाटलीय. घड्याळ धरलं तर बारापासून सातपर्यंत."

चारी म्हटल्याबरोबर आप्पांना सगळं कळलं. "मंग पानी तुंबनार."

"आज नाही तुंबलेलं. आज प्रेशर सतरा आहे, एकवीसच्या आत चांगलं. पण फाटलेली चारी पुढं कधीतरी बुजते. मग प्रेशर वाढतं आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. कडेकडेनं दिसणं जातं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. त्याला काचबिंदू म्हणतात. गेलेलं परत येत नाही."

"ह्याला हुनार का त्यो?"

डॉक्टरांनी खणातनं एक लांबडी वही काढली. "ही बघा. गोफण, विटी, फटाका, बैलाचं शिंग, एकीला नवऱ्याची बुक्की. मार बसलेले अठ्ठावीस डोळे. कुणाची चारी किती फाटलीय ते मी लिहून ठेवलंय. यातले दोन-तीन जातील. कुठले दोन-तीन, ते आधी सांगता यावं म्हणून तर ही वही. आज नाही सांगता येत. दहा वर्षं लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी प्रेशर मोजायला आणा."

दहा वर्षं हा आकडा आप्पांनी गाठीला बांधून आणला. फाल्गुनात बिरोबाच्या माळावर बैठक बसली. एका बाजूला भैरू, डोळ्यावर हिरवं फडकं बांधून. दुसऱ्या बाजूला तानुबाई, मानेवर अजून निळा वळ घेऊन. पोलिसात गेलं तर दोघंही आत जातील, दोन्ही घरं बसतील, म्हणून पंचांनी घरातच मिटवायचं ठरवलं. ठरलं ते असं: दहा वर्षांत हा डोळा गेला, तर तानुबाईचा विहिरीतला अर्धा वाटा भैरूचा. डोळा राहिला, तर भैरूनं तिच्या पाळीला जन्मात हात लावायचा नाही. तोवर औषधपाणी आणि डॉक्टरकडं नेणं-आणणं तानुबाईकडं. दोघांनी बिरोबाच्या पायाशी शपथेचा भंडारा उचलला. पाणी गेलं की तिचं रान म्हणजे नुसता माळ, आणि त्या माळावर दोन जिवांचं पोट भरायचं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं भंडारा उचलला, कारण दुसरा रस्ताच नव्हता.

आणि मग सुरू झाल्या त्यांच्या दौंडच्या खेपा. चैत्रात एक, दसऱ्यानंतर एक. भांडगावहून टेम्पोनं केडगाव, केडगावहून रेल्वेनं दौंड. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं एकाच बाकावर. एकदा केडगावच्या फलाटावर तो तिच्या पायाशी थुंकला. तिनं चप्पल काढली आणि भर फलाटावर त्याच्या पाठीत हाणली. चार माणसं मधे पडली.

"बाई, डोक्यात मारताय का माणसाच्या!" एकजण म्हणाला.

"डोक्यात कशाला मारू? डोकं जपायचं हाय त्याचं. पाठ मोकळी हाय!" ती म्हणाली.

गंमत वाटते ऐकायला, पण तिनं खरंच तो डोळा जपला. सतरा. सोळा. अठरा. सतरा. डॉक्टर आकडा सांगायचे आणि ती शाळेत नाव न घातलेली बाई तो तोंडपाठ करून घरी यायची. होळीला पोरांनी भैरूवर राख उधळली, तर ही कोयता घेऊन पोरांच्या मागं धावली. सत्त्याण्णव साली वरवंडच्या लग्नात मानपानावरनं मारामारी जुंपली. मांडवाच्या बांबूंनी लोक एकमेकांना झोडत होते. एकानं भैरूच्या तोंडावर बांबू उगारला, आणि तानुबाई बायकांच्या घोळक्यातनं उडी मारून मधे घुसली. बांबू तिच्या मनगटावर बसला, हाड मोडलं. मोडका हात छातीशी धरून ती त्या माणसाला शिव्या घालत होती, "उजव्या अंगानं मार की रं, भाड्या! डावा डोळा माझा हाय!" ते मनगट पुढं कधी सरळ झालं नाही. त्या वर्षापासनं ती डाव्या हातानं गोफण फिरवायला लागली.

भैरूनं तिचे आभार मानले असतील असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं भैरूला बघितलेलं नाही. तो म्हणाला, "हीर वाचवतीया रांड."

दोन हजार सालच्या दसऱ्यानंतर आकडा आला चोवीस. पुढच्या खेपेला अठ्ठावीस. डॉक्टरांनी थेंब सुरू केले, सकाळ-संध्याकाळ एकेक. दरम्यान दवाखान्यात एक नवीन यंत्र आलं होतं, त्यानं त्यांनी भैरूच्या बुबुळाची जाडी मोजली. बुबुळ पातळ निघालं. "पातळ बुबुळावर आकडा कमी दिसतो," ते म्हणाले, "म्हणजे खरं प्रेशर याहूनही जास्त. आता मला अंदाज करता येतो, तानुबाई. चारी अर्ध्याहून जास्त फाटलेली, बुबुळ पातळ, प्रेशर चढतं. माझ्या अठ्ठावीसांत हा पहिला." वहीत भैरूच्या नावापुढं त्यांनी लाल टिंब काढलं. "पण घाबरू नका. थेंब नेमानं पडले तर डोळा राहतो. थांबवता येणारी गोष्ट आहे ही."

थांबवता येणारी! मग थांबेना का? बाटली महिन्याला संपत होती, ती नवी आणून त्याच्या दारात ठेवत होती, आणि आकडा चढतच होता. बत्तीस. दुसरं औषध जोडलं. चौतीस. डॉक्टर भैरूला विचारायचे, थेंब घालता ना? भैरू मान हलवायचा, "येळच्या येळी." डॉक्टर वही उघडून बसायचे, कपाळाला हात लावायचे. एवढ्या औषधाला न दबणारं प्रेशर त्यांच्या बघण्यात नव्हतं. दिव्यांच्या यंत्रापुढं बसवून त्यांनी त्याच्या नजरेचा नकाशा काढला. कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

मग दोन हजार दोनच्या पावसाळ्यात, एका सकाळी, तानुबाई सरपण न्यायला भैरूच्या खळ्यामागं गेली. कडब्याच्या गंजीआडनं तिला भैरू दिसला. उकिरड्यापाशी उकिडवा बसला होता. त्यानं बाटलीचं टोपण काढलं, बाटली तिरकी केली, एक थेंब शेणावर टाकला. टोपण नीट लावलं. दुसरी बाटली घेतली, एक थेंब शेणावर. टोपण लावलं. दोन्ही बाटल्या खिशात ठेवल्या आणि तंबाखू मळायला घेतली. खरंच येळच्या येळी की!

ती गंजीला धरून उभी राहिली. डोळा गेला तर विहीर भैरूची. भंडारा उचलून, बिरोबाच्या साक्षीनं, पाच शहाण्या माणसांनी त्या डोळ्यावर विहीर लावून ठेवली होती. डोळा जाण्यात कुणाचा फायदा आहे, हे त्या पाचांतल्या एकाच्याही टाळक्यात आलं नाही. तिच्याही आलं नव्हतं. माणूस पाण्यासाठी भावजयीचं तोंड चिखलात दाबतो इथवर तिला कळत होतं. स्वतःचा डोळा मारील, हे तिनं धरलंच नव्हतं.

त्या सकाळी तिनं त्याला जे मारलं, त्याच्या आठवणी भांडगावात अजून निघतात. सरपणाच्या काठीनं मारलं. खांद्यावर, बरगड्यांवर, मांड्यांवर मारलं, डोकं सोडून. तो ओरडत उकिरड्यात पडला, तशी ती त्याच्या छातीवर बसली, त्याच्याच खिशातली बाटली काढली, अंगठ्यानं त्याची पापणी वर ओढली आणि थेंब घातला. तो तिच्या मोडक्या मनगटाला कडाडून चावला. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि दुसरा थेंब घातला. "माझं पानी प्यायचंय तुला? पी की! पर डोळ्यानं पी!"

तिथनं रोजची लढाई. सकाळी एक, संध्याकाळी एक. तानुबाई दारात आली की भैरू फावडं घेऊन उभा. एकदा त्यानं तिच्या नडगीवर फावडं घातलं, ती लंगडत महिनाभर आली, पण आली. भामाबाई वरवर नवऱ्याच्या बाजूनं रडायची आणि आतनं त्याचे पाय घट्ट धरायची; नवरा आंधळा कुणाला हवा असतो? तो चौकीवर तक्रार द्यायला गेला. भावजय जबरदस्तीनं औषध घालते, असं लिहून घ्यायला हवालदार तयार होईना. त्या दोन महिन्यांत आकडा सव्वीसवर आला, आणि दिवाळीनंतर एका सकाळी तानुबाई गेली तर भैरू गायब.

तो कुठं गेला हे शोधायला तिला पौष उजाडला. भामाबाईचा भाऊ म्हस्कू शिक्रापुरात कंपनीत कामाला होता, भाड्याच्या खोलीत राहायचा. भामाबाईनं शेवटी रडत रडत ते सांगितलं. दहा वर्षं भरायला दोन महिने उरले होते. तानुबाई एसटीनं शिक्रापूरला उतरली. रस्त्यावर ट्रकांची रांग, धूळ, पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी, आणि जिथं तिथं हिंदी बोलणारी पोरं. चाळीच्या नळावर भैरू तिला सापडला. हंडा भरत उभा होता. ती त्याच्या डाव्या अंगानं गेली, पार हाताच्या अंतरावर. संताप असा चढला होता की तोंडातनं शब्द फुटेना, तिनं सरळ हात उगारला.

भैरू हलला नाही. दहा वर्षं हा माणूस तिचा हात वर गेला की खांदे चोरायचा, कोपर आडवं धरायचा. आज तो नळाच्या धारेकडं बघत शांत उभा होता. तिनं उगारलेला हात त्याच्या डोळ्यापुढनं हलवला. काही नाही. पापणीसुद्धा लवली नाही.

तिनं हात खाली घेतला. "भैऱ्या," ती म्हणाली. तो दचकला, सगळं अंग वळवून तिच्याकडं बघितलं, उजव्या डोळ्यानं. आणि हसला. "आलीस व्हय? दोन महिनं राह्यलं गं आता."

तिनं त्याला गचांडी धरून दौंडला नेलं. तोही गेला, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायला. आकडा बेचाळीस. डॉक्टरांनी नकाशा काढून टेबलावर ठेवला. सगळा कागद काळा, मधोमध एक पांढरा ठिपका.

"एवढंच उरलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट काढून देतो, मग हे भोक राहील. उद्या-परवा करू. फाल्गुनापर्यंत थांबलात तर हेही जाईल."

"थांबतो की," भैरू म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं त्याला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. भैरूनं पुन्हा तेच म्हटलं. मग तानुबाईनं त्यांना सगळं सांगितलं, विहीर, भंडारा, उकिरडा, सगळं. इनामदार डॉक्टर शांत माणूस म्हणून तालुक्यात नावाजलेले. त्यांनी ती लांबडी वही उचलली आणि भिंतीवर फेकून मारली.

"चारी मोजली! जाडी मोजली! प्रेशर मोजलं!" ते ओरडले. "दहा वर्षं अंदाज बांधत बसलो, हा जाईल का तो जाईल! आणि डोळ्याच्या धन्याला डोळा पाहिजे का, एवढंच विचारलं नाही!"

बाहेर वऱ्हांड्यात तानुबाई भैरूपुढं उभी राहिली. "हीर घे," ती म्हणाली. "समदी घे. पर डोळ्याचं आपरेशन करून घे."

"तुजी भीक?" भैरू म्हणाला. "मला बिरोबा दील. भंडारा उचललाय म्या. तुज्या हातचं नको."

आता काय करायचं या माणसाला? तिला रडायला आलं, आणि रडायला आलं म्हणून आणखी राग आला. तशीच ती गावी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ज्योतिबा आप्पांना हाताला धरून माळावर आणलं, ते आता ऐंशीचे झाले होते, आणि उरलेले पंचही गोळा केले. भैरूला बोलावणं धाडलं. तिनं बिरोबापुढं भंडारा उचलून कपाळाला लावला आणि गावाला ऐकू जाईल असं बोलली.

"गोफन माजी, नेम माजा. ह्याचा डोळा माज्या दगडानं गेला. बिरोबानं न्याव केला, मी हरले. आजपास्नं हीर भैरूची."

हरले हा शब्द त्या बाईच्या तोंडून कुणी कधी ऐकलाच नव्हता.

"आगं, पर डोळा अजून पुरता गेला न्हाई," आप्पा म्हणाले. "दोन महिनं बाकी हायेत."

"गेला म्हन्ते न्हवं!" ती किंचाळली. "माझं म्हननं हाय का न्हाई काही? कागूद करा!"

प्रगती अठरा वर्षांची झाली होती, ती धावत आली आणि तिनं आईचे दोन्ही खांदे गदागदा हलवले. "आई, येड लागलं का तुला? ह्यानं तुझं तोंड चिखलात घातलं. मी बघितलंय. आन् तू त्याला पानी देतीस? आपुन काय खायचं?"

"दहा वर्सं राखलेलं पीक हाय ते," तानुबाई म्हणाली. "डोळ्यादेखत कसं जाऊ द्यू?"

कागद झाला. भैरूनं सही केली, कारण आता तो देवाचा निकाल होता, भीक नव्हती. माळावरनं तो घरी गेला नाही, सरळ विहिरीवर गेला आणि तानुबाईच्या मोटारीची वायर उपटून फेकली. तिचा कांदा नुकता गाठी धरत होता, त्याला अजून चार पाणी लागणार होती. तिनं हे सगळं बांधावरनं बघितलं. वायर फेकून तो वळला तेव्हा म्हणाली, "झालं? चल आता दौंडला." आता नाही कशाला म्हणायचं, हे त्याला सुचेना. विहीर मिळाली होती. डोळा मारून आणखी मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिव्या देत देत तो टेम्पोत बसला.

ऑपरेशन झालं. पहिले दोन दिवस भामाबाई होती, तिसऱ्या दिवशी तिला गुरांसाठी घरी जावं लागलं. पट्टी काढताना खाटेपाशी एकटी तानुबाई होती. तिकडं रानात कांद्याची पात पिवळी पडली होती, ती सकाळी बघूनच निघाली होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली, प्रेशर मोजलं, चौदा म्हणाले. मग आपल्या तळव्यानं भैरूचा उजवा डोळा झाकला.

"आता डाव्यानं बघा. काय दिसतंय?"

भैरूची मान इकडून तिकडं हळूहळू फिरत होती. खिडकीकडं गेली, छताकडं गेली, मग तानुबाईकडं आली आणि थांबली.

"समदा अंधार हाय," तो म्हणाला. "मधी पावलीएवढं भोक."

"भोकातनं काय दिसतंय?"

"हिचं थोबाड."

डॉक्टरांनी तळवा काढला नाही. भैरूही बघतच राहिला. दहा वर्षांत त्यानं तिच्याकडं धड बघितलंच नव्हतं. तिचे केस पिकले होते, गालफडं बसली होती, वाकडं मनगट तिनं पदराखाली घेतलं होतं.

"तेवढंच मावतंय," तो म्हणाला. "दुसऱ्या कशाला जागाच न्हाई."

तानुबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. "मंग बघ आता जलमभर," ती म्हणाली, आणि उशाची थेंबांची बाटली उचलून तिनं सवयीनं एक गुडघा खाटेवर रोवला, डाव्या हातानं त्याचं कपाळ दाबून धरलं आणि पापणी वर ओढायला अंगठा पुढं केला. ओढावी लागली नाही. भैरूनं डोळा उघडाच ठेवला होता.